इंग्रजी नावं आणि आडनावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंग्रजी शिकवते. वर्गात एकदा ‘स्मिथ म्हणजे लोहार’ एवढं म्हटलं की पुढचा तास त्यातच जातो, आणि मला तो जाऊ द्यायला आवडतो. मुलं, त्यांचे पालक, परदेशी राहणारे नातेवाईक आजवर जे विचारत आले ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण गोष्टच तेवढी मोठी आहे.

जॉन, मेरी, पीटर, जॉर्ज ही अस्सल इंग्रजी नावं ना?

नाहीत. यातलं एकही इंग्लंडच्या मातीतलं नाही. जॉन हे हिब्रू ‘योहानान’, म्हणजे ‘देव कृपाळू आहे’. ग्रीक, लॅटिन आणि फ्रेंच अशी घरं फिरत ते इंग्रजीत आलं. मेरी म्हणजे बायबलमधली मिर्याम. थॉमस हा अरामी भाषेतला ‘जुळा’. पीटर ग्रीक, अर्थ खडक. जॉर्जही ग्रीक, अर्थ जमीन कसणारा. मार्गारेट म्हणजे मोती आणि फिलिप म्हणजे घोड्यांची आवड असलेला.

विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड आणि हेन्री ही जुन्या जर्मन कुळातली नावं. पण इंग्लंडमध्ये ती रुजवली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून आलेल्या नॉर्मन लोकांनी. मूळ इंग्रजी म्हणावीत अशी नावं मोजकीच उरली आहेत: आल्फ्रेड, एडवर्ड, एडमंड, एडिथ आणि आणखी थोडी.

मग इंग्रजांची स्वतःची नावं गेली कुठे?

१०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झाला. जमिनी, मठ, दरबार सगळं नॉर्मनांच्या हाती गेलं. त्याआधी इंग्रज माणसांची नावं वुल्फस्टन, गॉडविन, लिओफ्रिक, एथेलरेड अशी असत. सत्ता बदलली तसे आधी वरच्या थरातले लोक मुलांची नावं विल्यम, रॉबर्ट ठेवू लागले, मग शहरातले, मग शेतकरी. तीन-चार पिढ्यांत जुनी नावं जवळजवळ पुसली गेली. कोणी तसा हुकूम काढला नव्हता. ज्यांच्याकडे सत्ता आणि प्रतिष्ठा, त्यांच्यासारखं नाव आपल्या लेकराचं असावं, एवढंच.

एडवर्ड वाचलं ते एका राजाच्या भक्तीमुळे. तिसरा हेन्री हा वंशाने नॉर्मन-फ्रेंच, पण जुना इंग्रज राजा एडवर्ड द कन्फेसर याच्यावर त्याची फार श्रद्धा. १२३९ साली मुलगा झाला तेव्हा त्याने त्याचं नाव एडवर्ड ठेवलं आणि दुसऱ्याचं एडमंड. पुढे ओळीने तीन एडवर्ड गादीवर बसले आणि विस्मरणात चाललेलं नाव पुन्हा घरोघरी आलं.

विल्यम म्हणजे ‘इच्छा’ अधिक ‘शिरस्त्राण’ असं वाचलं. हा काय अर्थ झाला?

अर्थ म्हणून तो जुळवू नका, जुळणारच नाही. जुन्या जर्मन कुळातली नावं दोन तुकड्यांची असत. रॉबर्ट म्हणजे कीर्ती आणि तेज, रिचर्ड म्हणजे सत्ता आणि धाडस, एडवर्ड म्हणजे संपत्ती आणि रक्षक, आल्फ्रेड म्हणजे यक्षासारखी अद्भुत योनी आणि सल्ला. हे समास नव्हेत. घराण्यातल्या नावांचे तुकडे उचलून नवं नाव घडवायची ती पद्धत होती.

याचं फार सुंदर उदाहरण म्हणजे वूस्टरचा बिशप वुल्फस्टन. नॉर्मन आल्यावरही आपलं पद टिकवून राहिलेला हा इंग्रज धर्मगुरू १०९५ साली वारला. त्याच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘लांडगा-दगड’. असं नाव कोण ठेवील? पण त्याच्या वडिलांचं नाव होतं एथेलस्टन आणि आईचं वुल्फगिफू. आईचा पुढचा तुकडा, वडिलांचा मागचा तुकडा, झालं वुल्फस्टन. या नावाचा खरा अर्थ ‘या दोघांचा मुलगा’ एवढाच आहे, आणि कोशात तो सापडत नाही.

म्हणूनच मी सांगत असते की इंग्रजी नावाला ‘तुझा अर्थ काय’ असं विचारण्यापेक्षा ‘तू कुठून आलास’ असं विचारावं. आपल्याकडे आर्या किंवा समीर नाव ठेवताना आईबाप अर्थ पाहतात. इंग्लंडमध्ये जॉन नाव ठेवणारा बहुधा आजोबांकडे, संताकडे किंवा राजाकडे बघत होता.

रॉबर्टचा बॉब, रिचर्डचा डिक आणि मार्गारेटची पेग कशी होते?

याला नावांचा दुष्काळ कारणीभूत आहे. चौदाव्या शतकापर्यंत जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री, थॉमस अशा मूठभर नावांत निम्म्याहून अधिक पुरुष मावत होते. एका गल्लीत पाच रॉबर्ट. हाक कुणाला मारली ते कळायचं कसं? मग रॉबर्टचा रॉब झाला आणि रॉबचं पहिलं अक्षर बदलून हॉब, डॉब, बॉब. रिचर्डचा रिक, हिक, डिक. रॉजरचा हॉज. मार्गारेटची मेग, मेगची पेग. मेरीची मॉली, मॉलीची पॉली. आपल्याकडे विठ्ठलाचा विठू आणि विठूचा इठू होतो, तीच जिभेची सवय.

नेड आणि नॅन यांची गंमत वेगळी. ‘माझा’ या अर्थी जुन्या इंग्रजीत स्वरापुढे ‘माइन’ म्हणत. ‘माइन एड’ म्हणता म्हणता ‘माय नेड’ झालं, ‘माइन अ‍ॅन’चं ‘माय नॅन’. लाडाने जवळ घेताना तोंडातून निघालेला ‘न’ नावालाच चिकटून राहिला. मला हा सगळ्या इंग्रजी नावांमधला सर्वांत मायाळू ध्वनी वाटतो.

ही घरगुती रूपं आडनावांत गोठली आहेत. हॉबवरून हॉब्स आणि हॉपकिन्स, डॉबवरून डॉबसन, रॉबवरून रॉबसन व रॉबिन्सन, हिकवरून हिक्स आणि हिगिन्स, डिकवरून डिक्सन व डिकन्स, हॉजवरून हॉजसन. वरवर पाहता डॉबसन आणि हॉपकिन्स यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, पण दोघांच्याही मागे कुणीतरी रॉबर्टच उभा आहे.

आडनावं आली कधी आणि कशी?

नॉर्मन येण्यापूर्वी माणसाला एकच नाव असे. विजयानंतर आधी जमीनदारांनी आडनावं धरली, कारण वारसा सिद्ध करायचा होता. सामान्यांकडे ती पुढच्या तीनेकशे वर्षांत पोचली. १३७७, १३७९ आणि १३८१ साली डोईपट्टी बसली तेव्हा माणूस न् माणूस कागदावर यायला लागला. ‘जॉन’ एवढं लिहून भागेना. मग कुठला जॉन? लोहार जॉन, टेकडीवरचा जॉन, विलचा मुलगा जॉन, तांबड्या केसांचा जॉन. धंदा, ठिकाण, बापाचं नाव आणि टोपणनाव या चार वाटांनी बहुतेक सगळी इंग्रजी आडनावं आली आहेत. टेकडीवरचा तो हिल, विलचा मुलगा तो विल्सन, तांबड्या केसांचा तो रसेल.

सुरुवातीला बापाचं आडनाव मुलाला लागेलच असं नव्हतं. १४०० च्या आसपास ती वंशपरंपरेने चालू लागली.

स्मिथ म्हणजे लोहार. मग स्मिथ ही जात आहे का?

नाही. हा प्रश्न आपल्याकडे येणं साहजिक आहे, कारण आपल्याला धंद्याच्या आडनावामागे जात दिसते. तिथे आडनाव गोठलं आणि धंदा मोकळा राहिला. स्मिथचा मुलगा बेकर होऊ शकत होता, बेकरची मुलगी स्मिथकडे देता येत होती, त्यावर पंगतीचं किंवा सोयरिकीचं बंधन नव्हतं. उच्चनीच भाव इंग्लंडमध्येही भरपूर होता, पण तो जमिनीवर आणि पैशावर ठरे. लोहार या आडनावावर ठरत नसे.

स्मिथ इतके का, हेही लोक विचारतात. इंग्लंडमधलं हे सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. नांगराचा फाळ, नाल, खिळे, विळे यासाठी प्रत्येक गावाला लोहार लागे हे एक. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ओळख पटवायला जे वेगळं आहे तेच नाव उपयोगी पडतं. गावात सगळेच शेतकरी, त्यामुळे ‘शेतकरी जॉन’ म्हणून काही कळत नाही. लोहार एकच. म्हणून शेतीवर जगणाऱ्या देशात ‘फार्मर’ आडनाव तुरळक आहे आणि तेही मुळात शेतकऱ्याचं नव्हे. फार्मर म्हणजे ठरीव रक्कम भरून करवसुलीचा मक्ता घेणारा, आपला इजारदार.

लोहार सगळीकडेच आहेत. जर्मन श्मिट, फ्रेंच लफेव्र, रशियन कुझ्नेत्सोव, अरबी हद्दाद आणि इटालियन फेरारी ही सगळी एकाच भात्यासमोर बसलेली माणसं.

वॉकर म्हणजे चालणारा का?

चालणाराच, पण रस्त्यावर नव्हे, कापडावर.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरविरीत आणि तेलकट असतं. ते लाकडी किंवा दगडी कुंडात घालायचं, वर पाणी, एक प्रकारची चिकणमाती आणि साठवून आंबलेलं मूत्र ओतायचं. मूत्रातल्या अमोनियाने लोकरीचा चिकटपणा सुटतो. मग गुडघ्यापर्यंत उघड्या पायांनी माणूस त्यात उतरून तासन्‌तास ते तुडवत राही. तंतू एकमेकांत गुंतत, कापड आटे, दाट होई, वाऱ्यापावसाला दाद देईनासं होई. मग धुऊन, चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवायचं. तेव्हाच्या इंग्लंडची संपत्ती लोकरीवर उभी होती. हाउस ऑफ लॉर्ड्समधलं एक मानाचं आसन आजही लोकरीने भरलेलं असतं. त्या संपत्तीच्या तळाशी हे पाय होते. बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पाणचक्कीचे हातोडे हे काम करू लागले, पण नाव राहिलं.

या एकाच कामाला प्रांताप्रांतात वेगळा शब्द होता. उत्तरेत आणि पश्चिम मिडलँड्समध्ये वॉकर, आग्नेयेकडे फुलर, नैऋत्येकडे डेव्हन-सॉमरसेट भागात टकर. म्हणून या तीन आडनावांपैकी कुठलं आहे यावरून पूर्वज देशाच्या कुठल्या कोपऱ्यातले असावेत याचा अंदाज येतो.

धंद्यावरून आलेली आणखी आडनावं सांगा ना.

टेलर शिंपी, पॉटर कुंभार, मेसन गवंडी, टर्नर कातारी, कार्टर गाडीवान, कूपर लाकडी पिंपं बनवणारा, फ्लेचर बाण बनवणारा, कुक आचारी, आर्चर तिरंदाज. थॅचर म्हणजे गवताने घर शाकारणारा, त्यामुळे मार्गारेट थॅचर या नावात मोती आणि छप्पर शेजारी येऊन बसले आहेत. ‘राइट’ म्हणजे कारागीर. चाकं करणारा व्हीलराइट, गाडे करणारा कार्टराइट आणि वेनराइट.

दरबारी कामांची आडनावं मला आपल्या आडनावांच्या फार जवळची वाटतात. स्पेन्सर हा धान्याच्या कोठीवरचा माणूस, म्हणजे कोठावळे. मार्शल मुळात घोड्यांची निगा राखणारा, त्याला पागनीसांच्या शेजारी बसवावं. चेंबरलेन राजाच्या खासगीकडचा. क्लार्क म्हणजे आधी धर्मसंस्थेतला लिहितावाचता येणारा, मग कारकून. स्ट्यूअर्ट हा वाड्याचा कारभारी. स्कॉटलंडमध्ये त्या कारभाऱ्यांचं घराणंच राजघराणं झालं.

वेबस्टर, बॅक्स्टर, ब्रूस्टर यांच्या शेवटचा ‘स्टर’ हा जुन्या इंग्रजीतला स्त्रीलिंगी प्रत्यय आहे. विणणारी, भाजणारी, बिअर गाळणारी. पुढे हे शब्द पुरुषांनाही लागू लागले, पण हे धंदे बायका करत होत्या याची खूण त्या आडनावांत राहिली आहे.

किंग, बिशप, पोप आडनावाचे लोक राजाचे किंवा धर्मगुरूंचे वंशज असतात का?

नसतात. सणाच्या नाटकात राजाचं सोंग घेणारा, बिशपच्या वाड्यावर नोकरी करणारा किंवा नुसताच तोऱ्यात चालणारा, अशांना ही टोपणनावं पडली.

आपल्या ‘कर’सारखं इंग्रजीत काही आहे का?

‘चा राहणारा’ सांगणारा वेगळा प्रत्यय नाही, गावाचं नावच आडनाव होतं. पण गावांच्या नावांचे शेवट ओळखीचे झाले की बरंच उलगडतं. ‘टन’ म्हणजे वस्ती किंवा वाडी, ‘हॅम’ म्हणजे घर-गाव, ‘ली’ म्हणजे रानातली मोकळी जागा, ‘फर्ड’ म्हणजे नदी पायी ओलांडायची उथळ जागा, ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी. ‘बी’ असलं की ते व्हायकिंगांचं गाव, उत्तर किंवा पूर्व इंग्लंडमधलं. न्यूटन म्हणजे सरळ ‘नवेगावकर’. स्टॅन्ली दगडाळ रानातला, ब्रॅडली ऐसपैस मोकळ्या रानातला.

मराठी वाचकाला जवळचं एक नाव सांगते. १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश सिद्ध करणारे मोल्सवर्थ. मोल्सवर्थ हे पूर्व इंग्लंडमधलं एक छोटं गाव, अर्थ ‘मूल नावाच्या माणसाची कुंपणाची वाडी’. हजार वर्षांपूर्वीच्या त्या कुणा शेतकऱ्याचं नाव आपल्या कोशाच्या मुखपृष्ठावर येऊन बसलं आहे.

सन, मॅक, ओ, फिट्झ हे सगळे ‘चा मुलगा’ ना?

बहुतेक. ‘सन’ इंग्रजी, विशेषतः उत्तरेकडचं. अँडरसन म्हणजे अँड्र्यूचा मुलगा. ‘मॅक’ गेलिक भाषेतलं, स्कॉटलंड-आयर्लंडचं. ‘ओ’ म्हणजे आयरिशमध्ये नातू किंवा वंशज. ‘फिट्झ’ हे नॉर्मन फ्रेंचमधलं पुत्रवाचक, फिट्झरॉय म्हणजे राजाचा मुलगा.

वेल्समध्ये ‘अप’ असे. माणूस स्वतःचं, बापाचं, आजोबाचं अशी साखळी सांगे. सोळाव्या शतकात वेल्स इंग्रजी कायद्याखाली पूर्णपणे आल्यावर साखळी तुटून एकच आडनाव ठेवावं लागलं आणि ‘अप’ पुढच्या नावात विरघळला. अप रिसचा प्राइस, अप हावेलचा पॉवेल, अप हॅरीचा पॅरी, आणि स्वरापुढे ‘अप’चा ‘अब’ होई म्हणून अब इव्हानचा बेव्हन. वेल्सची ओळख झालेलं जोन्स हेसुद्धा जॉनवरूनच आलं, आणि पारंपरिक वेल्श वर्णमालेत ‘ज’चं ते अक्षरच नाही.

गोव्यातली आणि वसईतली फर्नांडिस, परेरा, डिसोझा ही आडनावं इंग्रजी का?

नाहीत, ती पोर्तुगीज आहेत. हा गोंधळ इतका रूढ आहे की तो दुरुस्त करायची संधी मी सोडत नाही. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. परेरा म्हणजे नासपतीचं झाड, सिल्वा म्हणजे अरण्य. गोवा पोर्तुगीजांनी १५१० साली घेतला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत वसईही त्यांचीच होती. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचं किंवा पाद्र्याचं आडनाव मिळे. अहमदनगरकडचे मराठी ख्रिस्ती मात्र आपली आडनावं ठेवून आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि ते टिळकच राहिले.

मधलं नाव वडिलांचं असतं का?

नाही, आणि यावरून आपल्या लोकांची खरी ओढाताण होते. इंग्लंडमध्ये मधलं नाव म्हणजे दुसरं स्वतःचं नाव. आजीचं, मावशीचं, आवडलं म्हणून ठेवलेलं, काहीही. सतराव्या शतकापर्यंत ते दुर्मीळच होतं. माझी भाची तिकडे गेली तेव्हा एका कार्यालयात तिला तिच्या वडिलांच्या नावाने हाक मारली गेली. पुढे मुलगी झाली, तिच्या अर्जावर जावयाचं नाव मधे लिहिलं, तेव्हा ‘मुलीला हे पुरुषी नाव का’ असा प्रश्न आला. तिथे बसलेल्या बाईंची चूक नव्हती, पण तान्ह्या लेकराला कडेवर घेऊन आपली सगळी पद्धत परक्या भाषेत समजावताना भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. जाण्यापूर्वी ठरवून घ्या: वडिलांचं नाव मधल्या रकान्यात लिहायचं की सोडून द्यायचं. मग पासपोर्टपासून शाळेपर्यंत तेच ठेवा.

शर्ली, जेसिका, व्हेनेसा ही नावं कुठून आली?

शर्ली हे गावाचं नाव, मग आडनाव, मग पुरुषाचं नाव. शार्लट ब्राँटे यांच्या १८४९ च्या कादंबरीत मुलाची आशा असलेले आईबाप मुलीला तेच नाव देतात, आणि पुढे ते बायकांचंच झालं. जेसिका शेक्सपिअरच्या नाटकातून आली, व्हेनेसा जोनाथन स्विफ्ट यांनी एका मैत्रिणीच्या नावाचे तुकडे जोडून घडवली. डेझी म्हणजे ‘दिवसाचा डोळा’, कारण ते फूल उजाडलं की उमलतं. रोझ, लिली, व्हायोलेट, आयव्ही यांची लाट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली.

स्पेलिंग एक आणि उच्चार भलताच, असं का?

आडनावं ठरली तेव्हा स्पेलिंग ठरलेलं नव्हतं. शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या उरल्या आहेत त्यांतही ते एकसारखं नाही. पाद्री ऐकू येईल तसं लिहीत, म्हणून स्मिथ-स्मिद, क्लार्क-क्लार्के दिसणारी रूपं. उलट काही ठिकाणी लेखन जुनं राहिलं आणि जीभ पुढे गेली. ‘चोल्मोंडेले’ दिसतं ते ‘चमली’, ‘फेदरस्टोनहॉ’ दिसतं ते ‘फॅनशॉ’, ‘बोशां’ दिसतं ते ‘बीचम’. ज्याचं नाव त्यालाच विचारावं, यात कमीपणा नाही. तिथले लोकही विचारतात.

एकच आडनाव म्हणजे नातं असतं का? आणि आडनावाचं मानचिन्ह, म्हणजे ढालीच्या आकाराचं ‘कोट ऑफ आर्म्स’?

स्मिथ-स्मिथमध्ये नातं धरू नका, गावोगावचे लोहार वेगळे. दुर्मीळ आडनावाचं तसं नाही. लेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासलं तेव्हा दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांत समान पूर्वज बऱ्याचदा दिसला.

मानचिन्हाबद्दल स्पष्टच सांगते. ते एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला मिळत नाही. १४८४ साली स्थापन झालेली कॉलेज ऑफ आर्म्स ही लंडनमधली संस्था त्यांची नोंद ठेवते. पर्यटकांच्या दुकानात ‘तुमच्या आडनावाचं चिन्ह’ म्हणून मिळणारी पाटी भिंतीवर लावायला ठीक, पुरावा म्हणून तिला किंमत नाही.

एखाद्या इंग्रजी आडनावाचा उगम शोधायचा तर सुरुवात कुठून करू?

आजच्या स्पेलिंगवरून तर्क करू नका. आधी ते आडनाव कुठल्या परगण्यात जास्त आहे ते पाहा. १८८१ च्या जनगणनेवरून केलेले नकाशे त्यासाठी उत्तम. मग तिथल्या पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली, बाप्तिस्मा, विवाह, दफन यांची रजिस्टरं. ही ठेवायचा हुकूम १५३८ साली निघाला. सरकारी जन्म-मृत्यू नोंद १८३७ पासूनची. मागे मागे जाताना स्पेलिंग बदलत जाईल, त्यातलं सर्वांत जुनं रूप हाती आलं की मग कोश उघडा. डेव्हनमधला टकर, यॉर्कशायरमधला वॉकर आणि ससेक्समधला फुलर या तिघांचे पाय एकाच प्रकारच्या कुंडात होते हे तेव्हाच कळतं.